मुंग्यांचं घर: अ‍ॅक्रिलिक, पीओपी की एएसी ब्लॉक?

आजचा प्रश्न: पाळलेल्या मुंग्यांचं घरटं कशाचं करायचं?

मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून आधी रिक्वायरमेंट बघतो. इथे ती एकच आहे, ओलावा. कोरडं पडलं की अंडी-अळ्या सुकून मरतात, पाणी साचलं की बुरशी येते.

अ‍ॅक्रिलिकमधून सगळं छान दिसतं, पण ते पाणी धरत नाही. स्पंज बसवावा लागतो. पीओपी स्वस्त, पाणी शोषतं. पण सतत ओलं राहिलं की मऊ पडतं आणि काही जातींच्या मुंग्या ते कुरतडून बाहेर येतात. माझी पसंती एएसी ब्लॉक, बांधकामावर असतो तोच. हलका, सच्छिद्र, सहज कोरता येतो. फक्त कोरताना मास्क लावा आणि धूळ धुवून काढा.

काहीही घ्या, ओलं एकच टोक करा. अळ्या कुठे ठेवायच्या ते मुंग्याच ठरवतात, उचलून नेतात.

आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मुंगळ्याची एकटी राणी सापडली, तर यातलं काहीच नको. टेस्ट ट्यूब, तळाशी पाणी, ते अडवायला कापूस, तोंडाला कापूस आणि अंधार. पंधरा-वीस कामकरी झाल्या, की मग घराचं बघा.

भेटू पुढच्या भागात!