व्यापारी मंडळाचे सेवावर्ष : एका शेजाऱ्याचे चार शब्द

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. बाजारातील व्यापारी मंडळाचे पदाधिकारी या वेळी निमंत्रित होते.)



सचिवांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला वीस मिनिटे म्हणजे एक व्हाउचर तपासायचा वेळ, पण प्रयत्न करतो.

आज मंडळाचे लोक मुद्दाम बोलावले, त्याचे कारण असे की त्यांचे नवे कार्यकारी मंडळ येत्या वर्षाच्या समाजकार्याचा आराखडा करायला बसले आहे. त्यांचे अध्यक्ष परवा लिफ्टजवळ भेटले आणि म्हणाले, "साहेब, इस साल कुछ अच्छा करना है, आप भी कुछ बताइए." गांधीबागेत आपण शेजारी आहोत. खाली कापडाचे तागे, वर आपले संसार. पंचवीस वर्षांत भांडणे पुष्कळ झाली, म्हणून आज सल्लाही आपणच द्यावा हे बरे.

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मंडळ काढायचे ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये मार्सेय बंदरातल्या व्यापाऱ्यांनी १५९९ साली चेंबर काढले, ते जगातले पहिले मानतात. आपल्याकडे मुंबईचे चेंबर १८३६ चे. वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर उभे केले १९२७ मध्ये, आणि आपल्या नागपुरात नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स १९४४ पासून आहे. या सगळ्यांचा मूळ उद्देश एकच, व्यापाराच्या अडचणी सरकारपुढे मांडणे. आधी जकात, मग विक्रीकर, आता जीएसटी. समाजकार्य त्यांच्याकडे नंतर आले असे आपण समजतो, पण ते तितके खरे नाही. व्यापाऱ्याच्या बिलावर 'धर्मादा' नावाची ओळ फार पूर्वीपासून होती. शेकड्यामागे काही पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे आणि गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई यांना द्यायचे.

या धर्मादाबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण तरुण व्यापाऱ्यांना ते माहीत नसते. आपल्या राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, ५४ वे. रूढीने किंवा कराराने धर्मादाय कामासाठी जी रक्कम व्यापारी गोळा करतो, ती त्याच्याकडे विश्वस्त म्हणून असते आणि तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावा लागतो. पुढे १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात हाच अर्थ लावला, की धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्नच नव्हे, त्यावर आयकर लागत नाही. म्हणजे बघा, गल्ल्यात पडलेला पैसा, पण आपला नव्हे. मला हा निकाल फार आवडतो. माझ्या हाताखालच्या नव्या अधिकाऱ्यांना मी तो सांगत असे, कारण बँकेतला पैसाही असाच असतो.

आता कंपन्यांना २०१४ पासून सीएसआरचा कायदा आला. वर्षाला पाच कोटी नफा असेल तर, किंवा उलाढाल हजार कोटी असेल तर, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करा. आपल्या गल्लीतल्या बहुतेक पेढ्या भागीदारीच्या किंवा एकट्या मालकाच्या. त्यांना तो कायदा लागू नाही. ते जे देतील ते मनाने देतील. म्हणूनच ते नीट ठरवून द्यावे असे मला वाटते.

नीट न ठरवता दिले तर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही. मी तिथे शाखा व्यवस्थापक होतो आणि एका व्यापारी संघटनेचे खाते आमच्याकडे होते. वर्षभर बैठका झाल्या, चहा झाला, सत्कार झाले. २८ मार्चला कोषाध्यक्षांच्या लक्षात आले की सेवाकार्याची रक्कम तशीच पडून आहे आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडली पाहिजे. सगळ्यांत लवकर काय मिळते? घोंगड्या. ठोक दुकान संघटनेच्याच एका सभासदाचे. विदर्भात मार्चअखेर, पारा चाळिशीला टेकलेला, आणि सरकारी दवाखान्यात घोंगड्यांचे वाटप! फोटोसाठी मीही पुढच्या रांगेत उभा होतो, खोटे कशाला बोलू. एक वयस्कर सिस्टर हळूच मला म्हणाली, "साहेब, दोन पंखे दिले असते तं बरं झालं असतं." तो फोटो बरीच वर्षे माझ्या घरी भिंतीवर होता. आता नाही.

तेव्हा मंडळाला माझी पहिली विनंती ही, की वर्षाचा आराखडा हिशेबाच्या वहीवरून करू नका, कॅलेंडरवरून करा. आपल्या बाजाराचे कॅलेंडर वेगळे आहे. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई, ती थेट मे महिन्यापर्यंत. विदर्भातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून गिऱ्हाईक येते. म्हणजे ज्या दिवसांत माल सर्वांत जास्त उतरतो, तेच दिवस सर्वांत गरम. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आठवत असेल. त्या नवतपाच्या तोंडावर खाली गाठी उतरवणारा हमाल पाणी कुठे पितो, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

विचारला तो २०१६ साली. आता हे सांगू की नको असे झाले होते, पण सौ.ने परवानगी दिली आहे. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. नोव्हेंबरचा महिना, दुपारचे चार. तिच्या छातीत कळ आली, घामाने डबडबली. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली, तक्रार नाही, पण ती हमरस्त्याच्या कोपऱ्यावरच अडकली. आत तीन टेम्पो उलटसुलट उभे, त्यांच्यामध्ये हातठेले. मी खाली उतरून नुसता ओरडत होतो. तेवढ्यात एका हमालाने आपल्या ठेल्यावरच्या गाठी खाली लोटल्या, वर ताडपत्री टाकली आणि म्हणाला, "काकाजी, काकूले ठेल्यावर घ्या, पाच मिनिटात नेतो." तिघे होते. एक पुढे वाट काढत, दोघे ठेला ढकलत. कोपऱ्यावर अॅम्ब्युलन्समध्ये तिला चढवले आणि तिथून मेयो. पुढचे सगळे नीट झाले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणले.

आठ दिवसांनी मी त्या तिघांना शोधून पैसे द्यायला गेलो. घेतले नाहीत. मी विचारले, मग काय देऊ? तर त्यातला मोठा म्हणाला, "काही नाही काकाजी, तुमच्या बिल्डिंगच्या नळावर पाणी भरू देत जा. चौकीदार हाकलते." आता खरी गोष्ट ऐका. चौकीदाराला तसे सांगणारा मीच होतो. त्या काळात मी संस्थेचा सचिव होतो आणि फाटकासमोर ठेले लावतात म्हणून याच लोकांविरुद्ध संस्थेच्या लेटरहेडवर तीन पत्रे मी लिहिली होती. त्यांच्या प्रती अजून फायलीत आहेत. मला तेव्हा समजले की पाणी मिळावे म्हणून हे लोक हॉटेलात चहा घेतात. चहा नको असतो, सोबतचा ग्लास हवा असतो.

म्हणून मंडळाने सर्वांत आधी पाण्याचे काम घ्यावे. नुसते फीत कापून दोन माठ ठेवू नका. एप्रिलमध्ये माठ दिसतात, मेच्या मध्यावर कोरडे पडतात, जूनमध्ये फुटतात. पाणपोई गुढीपाडव्याला सुरू होऊन मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालली पाहिजे. त्यासाठी पाण्यापेक्षा माणूस लागतो, रोज माठ घासणारा आणि भरणारा. त्याचा पगार आराखड्यात धरा.

हेच स्वच्छतागृहाचे. खाली दुकानांत आता किती मुली विक्रीला उभ्या असतात! सकाळी दहा ते रात्री नऊ. आपल्या संस्थेतल्या डॉक्टर ताई सांगतात की या मुली जाण्याची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने त्यांच्याकडे येतात. गिऱ्हाईक बायकांचेही तेच. बांधकामाला देणगीदार लगेच मिळतो, कारण त्याच्या नावाची फरशी लागते. झाडूवाल्याच्या पगाराला फरशी लागत नाही, म्हणून सहा महिन्यांत कुलूप. आता माझा बँकेतला हिशेब. समजा ३०० दुकानांनी महिन्याला ५० रुपये दिले, तर महिन्याचे १५,००० झाले, वर्षाचे १,८०,०००. दुकानाच्या खर्चात हे ५० रुपये कुठे दिसणारही नाहीत. पण ते बारा महिने यायला हवेत. आणि तोवर ज्या पेढ्यांमध्ये आत चांगली सोय आहे, त्यांनी बाहेर एवढी पाटी लावावी, की महिलांसाठी सोय आहे.

रक्तदानाबद्दल एक सुचवतो. शिबिरे आपल्याकडे होतात, चांगली होतात, पण सगळ्यांची १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाच. रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच दिवशी शहरभर बाटल्या भरल्या आणि मे महिन्यात रक्तपेढी रिकामी, याला काय अर्थ? विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे वेगळे सांगायला नको. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, त्यांना स्वातंत्र्यदिनाची वाट पाहता येत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मंडळाने दात्यांची यादी करून गल्लीवार पाळ्या लावाव्यात, आणि मे महिन्याची पाळी सर्वांत मोठी ठेवावी. बॅनर लहान होईल, तेवढे चालवून घ्या.

क्षयरोग्यांचेही एक काम आहे. २०२२ पासून सरकारची निक्षय मित्र योजना चालू आहे. संमती दिलेल्या रुग्णाला किमान सहा महिने पोषक आहाराची टोपली पुरवायची. यात मला आवडते ते हे, की सहा महिन्यांच्या आत सुटका नाही. वृक्षारोपणाबद्दल मी काही बोलत नाही. दरवर्षी त्याच खड्ड्यांत होते.

कुणी म्हणेल, व्यापारी माणसाला हे सगळे जमणार कसे, त्याचा गल्ला कोण सांभाळणार? तर पुण्याचे उदाहरण घ्या. पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. किराणा मालाचे व्यापारी ते. जे येते तेच त्यांनी केले, माल पारखून घेणे, ठोकात घेणे, योग्य भावात विकणे. आपले लोक कापड ओळखतात. शाळेच्या गणवेशाचे कापड जूनआधी ठोक भावाने दिले तर किती घरांचा भार हलका होईल! आणि याच नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. तिथे कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला, तेव्हा कायद्याने कुणी सांगितले नव्हते. मिल आता राहिली नाही, त्या जागी मॉल आहे. जवळच आपले डागा हॉस्पिटल आहे, एका व्यापारी घराण्याच्या नावाचे. तिथे जन्मलेले लोक या गच्चीवर किती आहेत, हात वर करा. (बरेच हात वर झाले.) बघा.

पैशाच्या बाबतीत दोनच गोष्टी. रोख घेऊ नका, ८०-जी मध्ये २००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. आणि सेवाकार्याचे खाते वेगळे ठेवा, त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी मंडळाच्या फळ्यावर लावा. हमालांनाही वाचता येईल असा, मराठीत आणि हिंदीत.

आता शेवटचे, आणि ते आपल्या दोघांचे मिळून आहे. गल्लीत माल उतरवायची वेळ ठरवा. सकाळी अकराच्या आत आणि रात्री आठनंतर, किंवा तुम्हाला परवडेल ती. मधल्या वेळात एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी राहिली पाहिजे. मला माहीत आहे, हे घोंगड्या वाटण्याइतके सोपे नाही. ट्रान्सपोर्टवाले ऐकणार नाहीत, एखादा सभासद रागावेल, फोटोही निघणार नाही. पण ही कापडाची बाजारपेठ आहे, उद्या आगीचा बंब यायचा म्हटला तर तोही याच वाटेने येणार. आग प्रतिबंधक यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते, २००६ च्या कायद्याप्रमाणे. आपले सचिव खाली पाहत आहेत, त्यांनी खाली पाहू नये, त्यांनी ते वेळेवर दिले असेलच.

संस्थेच्या वतीने मी एक कबूल करून टाकतो, अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. फाटकाच्या डाव्या बाजूला, आपल्या टाकीवरून, बाहेरच्या अंगाला दोन नळ काढून देऊ. पाणी आमचे. नळ, फरशी आणि वर पत्र्याची सावली मंडळाची. माठ घासणाऱ्या माणसाचा पगार निम्मा-निम्मा. प्लंबरचा अंदाज माझ्या खिशात आहे, ११,४०० रुपये, फरशी धरून. पाडव्याला अजून सात आठवडे आहेत. मंडळाचे कोषाध्यक्ष पावतीपुस्तक घेऊन आले आहेत असे कळते. जेवणाला बसण्याआधी ते पाच मिनिटे माझ्या टेबलाशी यावेत. पहिली पावती सौ.च्या नावाने फाडायची आहे.