जम्बोच्या छोट्या उड्या

जम्बो जेट म्हटले की आपल्याला लंडन-न्यूयॉर्क आठवते. रात्रभराचा प्रवास, दोनदा जेवण, पायांना आलेली सूज. पण जपानमध्ये याच विमानाने चाळीस वर्षे एस.टी.सारख्या फेऱ्या मारल्या. टोकियो ते ओसाका हे अंतर साधारण आपल्या मुंबई-गोव्याएवढे. उड्डाण तासाभराचे. चहाचा पेला खाली ठेवेपर्यंत पट्टा बांधायची सूचना होते.

यात हौस नव्हती, निकड होती. टोकियोच्या हानेडा विमानतळावर धावपट्ट्या मोजक्या आणि माणसे अमाप. विमानांची संख्या वाढवता येत नाही, तर विमान मोठे करा, असा सरळ हिशेब. आपल्या लोकलचे नऊ डबे बारा केले, त्यातलाच प्रकार. बोइंगने जपानसाठी खास ७४७ एसआर बनवले आणि १९७३ साली जपान एअरलाइन्सने ते ४९८ आसनांसह देशांतर्गत सेवेत आणले. १९९१ मध्ये आलेल्या ७४७-४००डी या प्रकारात तर साडेपाचशेहून अधिक माणसे बसत. त्याच्या पंखांच्या टोकांना ती उभी पाती नव्हती. त्यांनी होणारी इंधनबचत लांब पल्ल्यावरच दिसते. जवळच्या फेरीत त्यांचे ओझेच व्हायचे.

मी विमानांच्या देखभालीत उमर घालवली, त्यामुळे आसनांपेक्षा मला पत्र्याची काळजी जास्त. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून आत हवा दाबून भरावी लागते. त्या वेळी विमानाच्या धडावर आतून दर चौरस मीटरला पाच टनांहून अधिक जोर येतो. विमान चढले की धड किंचित फुगते, उतरले की पूर्ववत होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसा धातूही थकतो. न्यूयॉर्कला जाणारे जम्बो दिवसातून एकदा-दोनदा फुगते, ओसाकाला जाणारे पाच-सहा वेळा. म्हणून साधे ७४७ वीस वर्षांत २४,६०० उड्डाणांच्या हिशेबाने बांधलेले, तर एसआर ५२,०००च्या. सांगाडा आणि चाकांचा भाग मजबूत केलेला. विमान किती वर्षांचे, असे प्रवासी विचारतात. आम्ही विचारतो, किती वेळा उतरले?

१२ ऑगस्ट १९८५ची गोष्ट याच हिशेबाची आहे. जपानमध्ये पितरांच्या स्मरणाच्या ओबोन सणाची गर्दी. संध्याकाळी हानेडाहून ओसाकाला निघालेल्या एसआरमध्ये ५२४ माणसे होती. बारा मिनिटांत शेपटीकडची दाब अडवणारी भिंत फाटली. उभे शेपूट बरेचसे तुटून गेले आणि सुकाणू हलवणाऱ्या तेलाच्या चारही नळ्या रिकाम्या झाल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करत बत्तीस मिनिटे ते विमान हवेत ठेवले. त्यांच्या जागी दुसरे कोणी याहून जास्त काही करू शकले असते, असे मला वाटत नाही. अखेर ते डोंगरावर आदळले. ५२० माणसे गेली, चार वाचली.

कारण सात वर्षे जुने होते. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना याच विमानाचे शेपूट धावपट्टीला घासले होते. ती भिंत बोइंगच्या माणसांनी दुरुस्त केली, पण जोडपट्टी कापून बसवल्याने जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा, तिथे एकीवरच आला. वरून पाहणाऱ्याला ते दिसणारे नव्हते. त्यानंतर विमानाने १२ हजारांहून अधिक उड्डाणे केली, आणि प्रत्येक वेळी तडा थोडा पुढे सरकला. हीच चुकीची दुरुस्ती लांब पल्ल्याच्या विमानात असती, तर एवढ्या उड्डाणांना पंधरा-सतरा वर्षे लागली असती. मध्यंतरी एखाद्या मोठ्या तपासणीत पत्रा उघडून कुणाच्या तरी नजरेस पडली असती, कदाचित. काही जण छोट्या फेऱ्यांनाच दोष देतात. मला ते पटत नाही. दोष दुरुस्तीचा, फेऱ्यांनी तिला मुदत कमी दिली, इतकेच. त्या भिंतीचे तुकडे जपान एअरलाइन्सने २००६ पासून हानेडाजवळच्या आपल्या सुरक्षा केंद्रात मांडले आहेत. तिथे नव्या कर्मचाऱ्यांना नेऊन ते दाखवतात.

पुढे जम्बो गेले ते इंधनापायी. दोन इंजिनांच्या ७७७ मध्येही पाचशे माणसे बसू लागली, मग चार इंजिने कोण पोसणार? २०१० मध्ये हानेडाला चौथी धावपट्टीही मिळाली. जपान एअरलाइन्सने २०११ मध्ये जम्बो थांबवले, आणि ऑल निप्पॉनचे शेवटचे प्रवासी जम्बो ३१ मार्च २०१४ रोजी ओकिनावातील नाहाहून हानेडाला आले.

आपल्याकडे हा प्रयोग सणासुदीपुरताच. २०१८च्या दिवाळीत एअर इंडियाने दिल्ली-मुंबई मार्गावर ४२३ आसनांचे जम्बो लावले, तेव्हा दोन तासांच्या प्रवासात वरचा मजला पाहायला मिळतो म्हणून लोक खूश होते. पुढे ही विमाने विकली गेली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांतले एक मुंबईहून कायमचे निघाले, तेव्हा वैमानिकाने उड्डाणानंतर पंख डावीकडे-उजवीकडे कलते करून निरोप घेतला.