फऱ्याची लस पावसाआधी टोचा



उन्हाळा सरत आला की आपल्या कोरेगाव भागात सगळ्यांची नजर आभाळाकडं लागते. बी-बियाणं, खत, औतांची डागडुजी, सगळं आठवतं. गोठ्यातल्या कालवडीला अन् खोंडाला फऱ्याची लस टोचायची मात्र राहून जाते.

फऱ्याला काही जण एकटांग्या म्हणतात. रोडक्या, म्हाताऱ्या जनावराकडं हा रोग फारसा फिरकत नाही. सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतचं, अंगानं भरलेलं जनावर तो धरतो. ज्या खिलार खोंडावर आपली आशा, नेमका तोच जातो.

खोंड लंगडतो. आपण म्हणतो, दगड लागला असेल. अंगात 106-107 अंश ताप असतो. फऱ्यावर नाहीतर खांद्यावर सूज येते. आधी ती गरम असते, हात लावू देत नाही. मग थंड पडते आणि दाबली की आत वाळका पाला चुरगळावा तसा आवाज येतो, कारण जंतू मांसात वायू तयार करतात. एक-दोन दिवसांत जनावर जातं. पेनिसिलिन अगदी सुरुवातीला मिळालं तरच आशा. तेव्हा ताप आणि लंगडणं दिसताच डॉक्टरांना बोलवा, सकाळची वाट बघू नका. डाग देण्यात तर वेळ मुळीच घालवू नका. एका वस्तीवर मी पोचलो तेव्हा डाग देऊन झाले होते, खोंड मान टाकून पडला होता. मालक म्हणाले, "डॉक्टर, लशीला एक सकाळ सवड मिळाली नाही. आता दोन दिवस हितंच बसून आहे."

ह्या जंतूंचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. मेलेलं जनावर ओढ्याकाठी टाकलं, कातडं सोललं, की त्या रानात रोगाची पेरणीच झाली म्हणा. न फाडता, न सोलता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लस पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. सहा महिन्यांवरच्या जनावराला 5 मि.लि., कातडीखाली, दर वर्षी. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच टोचून घ्या. बेंदराला शिंगं रंगवाल तेव्हा काळजी नको. टोचल्या जागी गाठ येते, ती आपोआप जिरते. दूध एखाद-दुसरा दिवस थोडं कमी होईल, पुन्हा भरून येतं. त्या भीतीपायी गाय मागं ठेवू नका. तापलेलं, आजारी जनावर मात्र तेवढं थांबवा.

घटसर्प वेगळा. त्यात गळा सुजतो, त्याची लसही वेगळी, तीही पावसाआधीच. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची टोचा. कोवळं गवत भरपूर खाल्लं की चांगली धडधाकट मेंढी रातोरात मरते, ती बऱ्याचदा ह्याच रोगानं.

दवाखान्यात आधी सांगून ठेवा आणि वस्तीवरची सगळी वासरं एकाच सकाळी आणा. लस थंडच ठेवावी लागते, आणि एकदा बाटली उघडली की उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. दावी मजबूत असू द्यात.