गाडीत पेट्रोलचा वास आला तर

गटाचा माल बाजाराला नेणाऱ्या गाडीत आम्ही दाटीवाटीने बसतो, लेकरंही सोबत असतात. म्हणून पेट्रोलचा वास आला की आम्ही गाडी तिथेच थांबवतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते, लांबच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून इंजिन बंद करून गाडी चुलीपासून दूर, मोकळ्यावर ढकलतो. काडी, विडी जवळ नको.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकतो. काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा. वास नसलेलं पाणी एसीचं. पेट्रोल उडून जातं, पण वास मागे राहतो. मेकॅनिकला बोलावून ती जागा दाखवतो. बहुतेकदा वरची रबरी नळी चिरलेली किंवा क्लिप सैल झालेली असते. काही गळती इंजिन चालू असतानाच होते. पुठ्ठा कोरडा राहिला तरी वास विसरायचा नाही.

नळी पेट्रोलसाठीचीच घ्यावी; पाण्याची नळी टिकत नाही. टाकीच्या भोकावर साबण ही घडीभराची सोय. वेल्डिंग तर रस्त्याकडेला करूच देऊ नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते, तिचा भडका उडतो.

दुरुस्तीनंतर जोड कोरडा दिसला, वास गेला, तरच गाडीत बसायचं, बायांनो.