घराला कुलूप लावण्याआधी
(बदलापूरजवळच्या वाडीवर झालेल्या बैठकीतले भाषण)



दिवाळी झाली की आपण वीटभट्टीवर निघतो. मागच्या खेपेला परत आलो तर आपल्या तीन घरांत महामार्गाच्या कामावरचे मजूर राहत होते. जमीनमालकाने भाड्याने दिली होती. म्हणतो, "वाडी माझ्या सातबाऱ्यावर आहे." पावसाळा आपण ताडपत्रीखाली काढला.

राग मजुरांवर काढायचा नाय. तेही आपल्यासारखेच पोटासाठी आलेत. उल्हासनगर कसं वसलं? फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना सरकारने लष्कराच्या बराकी दिल्या. मनावर घेतलं तर कोणाचं घर न घेता छप्पर देता येतं.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम ३४ तेच सांगायचं. मजुरांना कामाच्या जागी नायतर जवळ फुकट राहायची सोय मालकाने करायची. चूल, न्हाणी, संडास वेगळे. काम संपलं की ते काढून जमीन होती तशी करायची. हा खर्च कंत्राटदार वाचवतो नि तो आपल्या छपरावर पडतो.

म्हणून यंदा निघण्याआधी इतकं करू:

१. घराघराची यादी. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, लाईटबिल एका जागी.

२. घर वनजमिनीवर असेल तर १३ डिसेंबर २००५ आधीपासून राहतो याचे म्हाताऱ्यांचे जबाब लिहून वनहक्काच्या दाव्याला जोडायचे.

३. कोऱ्या कागदावर अंगठा नाय.

४. मजुरांची वस्ती कंत्राटदारानेच उभारावी, असा ग्रामसभेत ठराव. सही-शिक्क्याची प्रत तहसीलदाराला.

कुलूप लावू, पण घर सोडणार नाय. जिंदाबाद!