नागासाकी बंदरातील एक दिवस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आपल्या धर्मग्रामाचा गत पन्नास वर्षांचा इतिहास आम्ही सांगावा अशी तिची अपेक्षा असावी. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणणारी वडीलधारी मंडळी समोर पहिल्याच रांगेत बसली आहेत. त्यांच्यापुढे तो सांगणे म्हणजे कोळ्याला जाळे विणावयास शिकविणे होय. म्हणून दूरच्या एका बंदरात घालविलेल्या एका दिवसाची हकीकत सांगण्याची आम्ही अनुज्ञा मागतो. त्या दिवसाचा आपल्या वसईशी संबंध आहे आणि आमच्या हातून येथे घडलेल्या एका चुकीशीही आहे.

गतवर्षी एका मोठ्या पर्यटनबोटीवर, प्रवाशांसाठी दररोज मिस्सा अर्पण करण्याच्या निमित्ताने, आम्हांस जपानच्या किनाऱ्याने जाण्याचा योग आला. बोटीवरील थाटाचे वर्णन करीत नाही. तेथे दिवसातून पाच वेळा खावयास मिळते आणि सहाव्या वेळी का मिळत नाही म्हणून कुरकुर करणारेही भेटतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. एके दिवशी सकाळी बोट डोंगरांनी वेढलेल्या एका लांबट खाडीत शिरली. तेच नागासाकी. सायंकाळी पाचच्या आत परत यावे, असा हुकूम होता.

हे बंदर १५७१ साली पोर्तुगीज व्यापारासाठी उघडले गेले. त्या प्रांताचा सरदार ओमुरा सुमितादा हा जपानी सरदारांतील पहिला ख्रिस्ती. मकावहून येणाऱ्या गलबतातून चीनचे रेशीम उतरे, आणि त्याच गलबतातून धर्मगुरूही उतरत. आपल्या वसईच्या धक्क्यावरही त्या काळी हेच चालत होते. परंतु वसईस जे चारशे वर्षांत कधी सोसावे लागले नाही, ते नागासाकीस पुढे सोसावे लागले.

बोटीवरून निघालेल्या सहलीच्या गाड्यांत आमचे इष्ट स्थळ नव्हते. म्हणून आम्ही एकटेच ट्रॅममध्ये चढलो. भाषा येईना, थांब्याचे नाव वाचता येईना, शेवटी एका शाळकरी मुलीने आमच्या हातातील चित्र पाहून आम्हांस योग्य ठिकाणी उतरविले. त्या वेळी मनात आले की, ज्या देशात आपल्या गावचा पुरुष दुभाषी म्हणून नावाजला होता, तेथे आम्ही मुक्यासारखे हिंडत आहोत!

तो पुरुष म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वसईचा जन्म, पिता पोर्तुगीज, माता येथलीच. किल्ल्यातील येशूसंघीयांपाशी शिक्षण झाले, त्यांच्यासमवेत तो जपानला गेला आणि तेथली भाषा अस्खलित शिकला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा अपुरीच राहिली. मग त्याने व्यापार केला, मनिला गाठले, आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा बोलणे गोन्सालोच्या मुखातून झाले. पुढे १५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यास लागून फुटले, त्यातून संशय वाढला, आणि धर्मगुरू व त्यांचे अनुयायी यांना धरण्याचा हुकूम सुटला. क्योतो येथे त्यांचे डावे कान कापण्यात आले. भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस आणले. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत दोघे त्यांत भर पडून सव्वीस झाले.

निशिझाका ही टेकडी आता रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर आहे. खाली मोटारींची वर्दळ चाललेली असते, आणि वर एका लांब भिंतीवर सव्वीस कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. शिल्पकार फुनाकोशी यांनी त्या १९६२ साली, म्हणजे या हुतात्म्यांस संतपद मिळाल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, घडविल्या. क्रूस कोठेच दाखविलेले नाहीत. पाय जमिनीपासून सुटलेले, दृष्टी वर लागलेली. ओळीत मध्येच काही मूर्ती बुटक्या दिसतात. त्या मुलांच्या आहेत, आणि त्यांतला लुई इबाराकी तर अवघा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे भाल्यांनी त्यांचा अंत करण्यात आला. आम्ही गोन्सालोपुढे उभे राहून मराठीतून 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हटले. ते त्याला कळले असेल, असे वाटते.

तेथून उराकामीस गेलो. हा शहराचा उत्तर भाग. या गावच्या ख्रिस्ती लोकांनी, ज्या जागेवर पूर्वी मुखियाच्या घरी त्यांच्या पूर्वजांना ख्रिस्ताच्या व मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत, तीच जागा विकत घेऊन तेथे देऊळ बांधले. ते १९१४ साली पूर्ण झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला, तो या देवळापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, आत पापनिवेदन चालू होते, धर्मगुरू आणि लोक तेथेच गेले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास मृत्यू पावले. ढिगाऱ्यात एक घंटा शाबूत सापडली, ती त्याच वर्षीच्या नाताळात वाजविण्यात आली. दुसऱ्या मनोऱ्याची फुटलेली घंटा अमेरिकेतील कॅथलिकांनी नवी करून दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच मिनिटाला दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. देवळाबाहेर काळवंडलेल्या दगडी मूर्ती मांडून ठेवल्या आहेत, त्यांच्यापुढे आमच्याने बोलवले नाही.

परतताना दुपार कलली होती. आमच्या धक्क्याजवळच ओउरा येथील देऊळ आहे, ते शेवटी पाहिले. खरी गोष्ट येथून सुरू होते.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. देवळे पाडली, धर्मगुरू हाकलले वा मारले. १६४४ नंतर लोकांची सेवा करणारा एकही धर्मगुरू तेथे उरला नाही. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास नागासाकीत घरोघरच्या माणसांना पवित्र प्रतिमा तुडवावयास लावीत. लोक ती तुडवीत, घरी येत, दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. गावात एक जण सणावारांचे पंचांग सांभाळी, दुसरा पाण्याने बाप्तिस्मा देई. कानोन या बौद्ध देवतेच्या चिनीमातीच्या मूर्तीपुढे मनात मारिया आणून नमस्कार करीत. प्रार्थना लिहून ठेवणे धोक्याचे, म्हणून ती आईच्या तोंडून लेकराच्या कानी जाई. 'ओरासियो' या शब्दाचे 'ओराशो' झाले, लॅटिन व पोर्तुगीज शब्द झिजत झिजत त्यांचा अर्थही म्हणणाऱ्यास कळेनासा झाला. तरी म्हणणे थांबले नाही. दोनशेहून अधिक वर्षे!

१८६५ च्या आरंभी फ्रेंच धर्मगुरूंनी ओउराचे हे देऊळ परदेशी रहिवाशांसाठी उघडले. १७ मार्च रोजी दुपारी उराकामीची दहापंधरा माणसे दाराशी येऊन उभी राहिली. फादर पतिजाँ यांनी दार उघडले आणि आत जाऊन गुडघे टेकले. एक स्त्री जवळ आली, छातीशी हात नेऊन हळूच म्हणाली की आमचे व तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि सांता मारियेची मूर्ती कोठे आहे असे तिने विचारले. ती मूर्ती आजही तेथे आहे. आपण सध्या दुःखाच्या काळातील सतराव्या दिवशी आहोत, असेही त्या लोकांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता, तेव्हा हिशेब बरोबर सतरावाच दिवस होतो! आमच्याकडे छापील दिनदर्शिका असूनही राखेचा बुधवार केव्हा, हे देवळातून जाहीर करावे लागते.

त्या ओळखीची किंमत त्यांना फार पडली. बंदी उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना देशोधडीस लावण्यात आले, कित्येक शेकडे मेले, आणि उरलेले १८७३ साली बंदीचे फलक उतरल्यावर परतले. आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. काही गुप्त ख्रिस्ती कुटुंबे या नव्या धर्मगुरूंकडे आलीच नाहीत. वाडवडिलांनी जिवावर उदार होऊन सांभाळलेले शब्द आणि रीती टाकून देणे त्यांना जड गेले.

हे वाचीत असता आम्हांस आपल्या येथील एक वृद्ध माउली आठवली. आम्ही या धर्मग्रामात नवीन आलो त्या वर्षी मे महिन्यात आळीच्या क्रुसापुढे ती लितानी सांगत होती. शब्द लॅटिन, पण शंभर तोंडांतून झिजलेले. 'ओरा प्रो नोबिस' चे 'ओरापोनोबी' झालेले. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो होतो, आणि शिकल्याचा ताठा होता. सर्वांदेखत आम्ही तिला थांबविले, चूक दाखविली, आणि छापील मराठी लितानी हाती दिली. ती 'बरं, फादर' एवढेच म्हणाली. त्यानंतर तिने कधीही लितानी सांगितली नाही. आम्ही त्याला सुधारणा समजत होतो.

बोटीचा भोंगा झाला, तेव्हा आम्ही अद्याप त्या मारियेपुढेच बसलो होतो. धक्का जवळ, म्हणून पोहोचलो. जिना चढताना दम लागला, आणि तेवढ्याने एका खलाशाकडून रागे भरवून घेतले.

ती माउली आता हयात नाही. परत आल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो आणि तिच्या सुनेस विचारले. लितानी तिला संपूर्ण पाठ आहे, सासूच्या तोंडून ऐकलेली, त्याच शब्दांसह. आज सायंकाळी सहा वाजता आळीच्या क्रुसापुढे ती ती सांगणार आहे. आम्ही मागल्या रांगेत उभे राहून उत्तर देऊ. ज्यांना ते शब्द आठवतात त्यांनी यावे, आणि नातवंडांना बरोबर आणावे.