सर्वांना सामावून घेणारे घर
(नेरडीगोंडा परिसरातील ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासाठी भाषणाचा मजकूर)



घर बांधताना सामान्यतः धडधाकट माणसाचाच विचार होतो. उंबरठ्याची उंची, दिव्याची जागा, न्हाणीघराचे अंतर हे सारे तरुण पायांच्या व तरुण डोळ्यांच्या हिशेबाने ठरते. परंतु त्याच छपराखाली वृद्ध आईवडील राहतात आणि एखाद्या कुटुंबात स्वमग्न मूलही असते. घर गैरसोयीचे असल्यामुळे वृद्ध पडतात, मूल बिथरते. दोष मात्र म्हातारपणाला किंवा नशिबाला दिला जातो.

स्वमग्नता ही बाहेरची बाधा नव्हे, की आईच्या संगोपनातील उणीव नव्हे. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन केले. मेंदूच्या जडणघडणीतील हे वेगळेपण जन्मभर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. अशा अनेकांना आवाज, प्रकाश, वास व स्पर्श इतरांपेक्षा फार तीव्र जाणवतात, तर काहींना फार कमी जाणवतात. म्हणून प्रत्येक मुलाचे निरीक्षण करूनच घरात बदल करावयास हवेत.

वृद्ध आणि स्वमग्न यांच्या गरजा प्रथमदर्शनी वेगळ्या भासतात. तथापि दोघांनाही एक गोष्ट समान हितकर आहे, ती म्हणजे घराची स्थिरता. वस्तू नेहमीच्या जागी असाव्यात. पाण्याचा माठ, चपला, अंथरूण, औषधाचा डबा यांच्या जागा वारंवार बदलू नयेत. ज्याची दृष्टी वा स्मृती मंदावली आहे त्याला यामुळे आधार मिळतो; ज्याला अचानक बदल सोसत नाही त्याचे मन शांत राहते. आंघोळ, जेवण, शाळा व झोप यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावली, तर पुढे काय होणार हे मुलाला कळते. शेजारी मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका असली, तर ती आजोबांच्या उपयोगी पडते.

जमिनीकडे विशेष लक्ष द्यावे. गुळगुळीत, चकाकणारी फरशी ओली झाली की घातक ठरते; शिवाय तिची चकाकी दोघांच्याही डोळ्यांना त्रासदायक होते. फरशीवरील गडद ठिपका स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला खड्ड्यासारखा वाटू शकतो. म्हणून जमीन एकरंगी व खरबरीत असावी आणि पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा ओढावा. उंबरठा काढणे शक्य नसल्यास उतार करावा. १५ सेंटिमीटर उंचीसाठी निदान १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. न्हाणीघरात व शौचकूपात भिंतीला पक्का दांडा बसवावा. त्यांचे दार बाहेर उघडणारे असावे, आणि अडचणीच्या वेळी कडी बाहेरूनही उघडता यावी.

काही बाबतींत दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा बराच अधिक प्रकाश लागतो. स्वमग्न मुलाला मात्र झगझगीत किंवा लुकलुकणारा दिवा असह्य होतो. यावर उपाय म्हणजे एकच प्रखर दिवा न लावता झाकण असलेले दोनतीन सौम्य दिवे कामाच्या जागी लावणे आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवणे. ऐकू कमी येणारे आजोबा दूरदर्शनचा आवाज मोठा करतात आणि मूल कान झाकून घेते. अशा वेळी आजोबांसाठी श्रवणयंत्राची सोय करावी आणि मुलासाठी घराच्या शांत बाजूस एक कोपरा राखावा. जुन्या लुगड्याचा पडदा आणि एक गोधडी एवढ्यावरही तो तयार होतो. तो कोपरा शिक्षेची जागा कधीही होऊ नये. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की होणारा आवाज अशा मुलाला फार जाचतो. छताला आतून बांबूच्या तट्ट्या लावल्यास तो कमी होतो. चुलीपासून मात्र त्या दूर असाव्यात.

नेरडीगोंड्यावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. धोक्याची जाणीव न ठेवता घराबाहेर धावणारी काही स्वमग्न मुले असतात, आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्धही वाट चुकतात. अंगणाला कुंपण, फाटकाला घंटी व विहिरीला कठडा असणे येथे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. दार बाहेरून कुलूपबंद करणे हा मात्र उपाय नव्हे. आग लागल्यास तेच कुलूप प्राणघातक ठरेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासनमान्य शाळांनी इमारत सुगम ठेवावी व विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय करून द्यावी, असे तो सांगतो. शिक्षकांनी अशा मुलास वर्गात कायमची एक जागा द्यावी, शक्यतो खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर. घंटा होण्यापूर्वी त्यास सूचना द्यावी. पंचायतीच्या कार्यालयात हात व पाठ असलेले बाक, मोठ्या अक्षरांतील फलक आणि रांगेबाहेर बसण्याची सोय असावी. नव्या घरकुलांचे आराखडे मंजूर करतानाच अधिकाऱ्यांनी रुंद दार व उतार यांचा आग्रह धरावा. भिंत उभी राहिल्यावर ती फोडण्यापेक्षा आधीच जागा सोडणे कमी खर्चाचे असते.

यांतील बहुतेक सुधारणा गावचा सुतार व गवंडी करू शकतील. काम सुरू करण्यापूर्वी घरातील वृद्धांना विचारावे, आणि जे मूल बोलत नाही ते कोठे थांबते, कशाला घाबरते, कोठे रमते हे पाहावे. त्याप्रमाणे घर बदलले, तर वृद्धांना निर्भयपणे चालता येईल आणि मुलाला आपल्याच घरात निवांत राहता येईल.